टरफलवाल्या मॅडम

मॅडमबरोबर बाजारातून चालणं मला शिक्षेसारखं वाटायचं. त्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत, थेट तोंडात बघत. भाजीवाली कोथिंबिरीचा भाव सांगत असायची आणि मॅडम मध्येच म्हणायच्या, "खालची डावी दाढ कधी काढली?" भाजीवाली चपापून तोंडावर पदर घ्यायची. मग मॅडम आणखी वाकून मोठ्यांदा म्हणायच्या, "पदर कशाला? दाढच गेली ना, नवरा तर नाही गेला." शेजारच्या चार टोपल्यांपर्यंत हसू पसरायचं. मी तोवर दोन दुकानं पुढे जाऊन पिशवी सांभाळत उभी असायचे, या बाईंशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून.

संबंध होता. धुळ्याच्या एका दंत महाविद्यालयात त्या दंतसाहित्य विभागाच्या प्रमुख होत्या. दातांत आणि जबड्यात जे काही भरतात, बसवतात, चिकटवतात, ते सगळं शिकवणारा हा विभाग. त्यांना दिल्लीहून एका संशोधनासाठी निधी मिळाला होता आणि त्या निधीतली एकुलती एक नोकरी माझी होती. दात पडला किंवा काढला की जबड्यात खड्डा राहतो आणि तिथलं हाड हळूहळू झिजत जातं. पुढे तिथे कृत्रिम दात रोवायचा म्हटलं तर आधी तो खड्डा हाडासारख्याच कशाने तरी भरून घ्यावा लागतो. त्यासाठी परदेशातून भुकटी येते. ती महाग असते, आणि बरेचदा गुरांच्या हाडांपासून केलेली असते. मॅडमना तीच भुकटी अंड्याच्या टरफलांपासून करायची होती.

मुलाखतीत त्यांनी मला विषयातलं काहीच विचारलं नाही. मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवाज कुठे ठेवून आलीस? मेहरूणलाच?" शेजारचे दोन प्राध्यापक हसले. मी कानापर्यंत लाल झाले. नोकरी मिळाली तेव्हा वाटलं, दुसरं कुणी आलंच नसेल.

जळगावच्या मेहरूणला आमचं घर होतं. मूळ गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, केळीचं. आम्हा भावंडांच्या शाळेसाठी पप्पांनी जळगावात घर केलं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. सुट्टीत गावाला जाऊन आले आणि तोंडातून एखादा "मले", "तुले" निघाला की आई डोळे वटारायची. शाळेत इंग्रजी चुकलं की मुली हसायच्या. गावाला गेलं की चुलत भाऊ माझ्या मराठीला हसायचे. त्यामुळे मी कुठलीच भाषा मोठ्याने बोलत नसे. आणखी एक गोष्ट होती. पप्पांच्या गळ्यात माळ होती. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, कुणी त्याचं नावही काढत नसे. नोकरी कशाची, असं आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "कॅल्शियम फॉस्फेटची." आईने नातेवाइकांना सांगितलं, "कॅल्शियमच्या कंपनीत आहे." दर आठवड्याला घरी जायच्या आधी मी केस धुऊन, कपडे बदलून निघत असे. वास येत नसे, तरी.

आईशी फोनवर असंच बोलताना एकदा मॅडमनी मला ऐकलं.

"अंडं म्हणायला काय झालं?"

"घरी चालत नाही, मॅडम."

"खायला चालत नाही ते मला कळतं. म्हणायलापण चालत नाही?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणजे माझ्या मिटलेल्या तोंडाकडे.

टरफलं विकत मिळत नाहीत. मॅडम रोज सकाळी स्कूटरला दुधाचा मोठा कॅन अडकवून बसस्टँडजवळच्या अंडाभुर्जीच्या गाड्यांवर जायच्या. गाडीवाले आदल्या संध्याकाळची टरफलं त्यांच्यासाठी राखून ठेवत. त्या एकेक उचलून बघायच्या आणि रागवायच्या, "किती बारीक फोडतो रे, राग कोणाचा काढतो?" बदल्यात त्या त्यांचे दात फुकट साफ करून द्यायच्या. सगळ्या धुळ्यात सर्वांत स्वच्छ दात त्या अंडेवाल्यांचे असतील. प्रत्येक खेपेच्या भुकटीला आम्ही नियमाप्रमाणे क्रमांक देत असू, पण मॅडमच्या तोंडी ती "स्टँडवाली" नाहीतर "कॉलेजच्या कोपऱ्यावरची" असायची. स्टँडवाली त्यांना जास्त आवडायची. तिथल्या कोंबड्या सुखी असाव्यात, असं त्यांचं मत होतं.

धुतलेली टरफलं विभागाच्या गच्चीवर जुन्या साड्यांवर वाळत पडत. उन्हाळ्यात त्याच्याच शेजारी मॅडमचे नागलीचे पापड वाळत. मधे फक्त एक वीट ठेवलेली असे. हा वाळवणाचा प्रकार प्राचार्यांना कळला तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं. मॅडम परत आल्या त्या हसत. "म्हटलं, सर, गेल्या वर्षी तुमच्या घरी पाठवले होते ते पापड आवडले होते ना? ते इथलेच." टरफलाच्या आतला पांढरा पापुद्रा सोलायचं काम त्या बैठकीत बसल्या बसल्या करायच्या, टेबलाखाली, शेंगा सोलल्यासारखं. तयार भुकटी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटून सांगायच्या, "करकरते अजून. पुन्हा दळ." यंत्रावर तपासल्यावर बहुतेक वेळा तेच निघे.

भट्टी नऊशे अंशांपर्यंत तापायची. तिच्यासमोर खुर्ची टाकून मॅडम बसायच्या आणि मला हाडांविषयी सांगायच्या. "हाड बावळट असतं गं. त्याला स्वतःसारखं काहीतरी दिसलं पाहिजे, बस. दिसलं की त्याच्यावर घर बांधायला घेतं. हे कुठून आलं, कुणाचं आहे, काही विचारत नाही." इतकं सोपं मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

त्यांच्या सगळ्या तऱ्हांपैकी मला खरा धाक होता तो बाकाचा.

आमच्या दवाखान्याबाहेर सिमेंटचा लांब बाक होता. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, कुठून कुठून आलेली माणसं तिथे नंबर लावून बसत. संशोधनात रुग्णाला सामील करून घ्यायचं तर त्याला सगळं समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. त्यासाठी वरून मंजूर होऊन आलेला छापील मजकूर होता. त्यात लिहिलं होतं, 'नैसर्गिक स्रोतापासून मिळवलेले जैवसुसंगत द्रव्य'. मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला. "ही मराठी कोणाच्या घरात बोलतात?" सही त्या त्याच मजकुरावर घ्यायच्या, पण समजावून सांगायच्या दारात उभं राहून, बाकाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्या गावच्या अहिराणीत. मॅडम पिंपळनेरकडच्या. ती त्यांची घरचीच बोली होती.

"ऐका बठ्ठा. हाई अंडानं टरफल शे. आम्ही धुतस, भट्टीमा जाळतस, औषध घालतस, मंग ही भुकटी व्हस. ही या दादांना जबडामा भरनी शे. जो कोनी अंडं खात नही, त्यानी आतेच सांगानं."

मग बाकावर चर्चा सुरू व्हायची. कोंबडीचं की बदकाचं, गावठी की पोल्ट्रीचं, उपासाच्या दिवशी चालेल का. एकदा एक म्हातारबाबा म्हणाले, "त्यामा पिल्लू व्हई तं?" मॅडम म्हणाल्या, "व्हयनं तं पयला घास त्यालेच देजो." ज्याचा जबडा तो राहायचा बाजूला, बाकीचेच हो-नाही ठरवायचे. माळकरी लोक उठून निघून जायचे. दहांतले सात-आठ नाही म्हणायचे. निधी देणाऱ्यांच्या पाहणीला वर्षही उरलं नव्हतं आणि आमच्याकडे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके.

प्राचार्य म्हणाले, "अहो, आत घेऊन सांगा ना. नियमही तेच सांगतो, एकांतात सांगा."

मॅडम म्हणाल्या, "सर, एकांतात डॉक्टरसमोर माणूस हो म्हणतो. चारचौघांत तो विचार करतो."

मलाही त्यांनी दारात उभं केलं. मी पाठ करून गेले होते. माझा आवाज पहिल्या दोघांपर्यंत पोचला असेल. 'अंडं' या शब्दाशी तर तो अगदीच बसला. तिसऱ्या जागेवरचे एक काका मागच्यांसाठी ओरडून सांगायला लागले, "ती म्हनस, अंडं शे अंडं!" मी आत जाऊन पाणी प्यायले. मॅडम म्हणाल्या, "जमेल. लाज म्हणजे काय, नुसती सवय."

मला हे पटलं नव्हतं. पण न पटलेलं सांगायलाही आवाज लागतो.

रोशनी आली ती दिवाळीनंतर. शिंदखेड्याकडच्या गावातली, माझ्यापेक्षा लहान, आईबरोबर. हातपंपाचा दांडा उसळून तिचा वरचा, अगदी समोरचा दात गेला होता. तिथे काढघालीचा खोटा दात बसवलेला होता. तो लावलेला असतानाच तिला बघायला आले, पसंती झाली, साखरपुडा झाला. मुलगा नरडाण्याला कारखान्यात कामाला, त्याचं घर पिंपळनेरच्या पलीकडे. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर. तोवर पक्का दात बसवून घ्यायचा होता, आणि त्याआधी हाड भरायचं होतं. तिच्या आईने मला खिडकीशी घेतलं आणि कानाजवळ येऊन म्हणाली, "ताई, हाई गोट बाहेर जावाले नको. सासरना लोकेसले माहीत नही."

रोशनी बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरत होती. ती युक्ती मला ठाऊक होती. माझे दात धड होते, पण मी सगळं बोलणंच तसं ओढून धरून बोलत आले होते.

मी मॅडमना म्हटलं, "यांचं आतच सांगू या का?"

"का?"

"तिला लाज वाटतेय. तिची आई बाहेर सांगू नका म्हणतेय."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मायेनेच हसल्या. "तुझी लाज तिला देऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

त्यांनी रोशनीच्या खांद्यावर हात ठेवला होता. दात कसा गेला ते सांगितलं, आत्ताचा दात खोटा आहे ते सांगितलं, अंडं सांगितलं, भट्टी सांगितली. "लाजानं काम नही. दात पडना, चोरी नही करी," असंही सांगितलं. रोशनी समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती. तिच्या आईने पदर पुढे ओढून तोंड जवळजवळ झाकून घेतलं. शेवटी मॅडमनी विचारलं, "मंग, भरानं का?" आणि रोशनी "भरा," म्हणाली. मला वाटतं, तिला ते दार लवकर बंद व्हायला हवं होतं. बाकावरची एक आजी म्हणाली, "धीट शे पोर." भुकटी त्याच दिवशी भरली. मॅडम दिवसभर खुश होत्या. "बघितलंस?" त्या मला दोनदा म्हणाल्या.

बाकाच्या टोकाला एक गृहस्थ बसले होते. पिंपळनेरकडून सासूबाईंची कवळी घ्यायला आलेले. त्यांनी अगदी आदराने विचारलं, पोरगी कोणत्या गावची? मॅडमनीच सांगितलं.

महिन्याभरात रोशनीच्या आईचा फोन आला. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता, पुढचं थांबवा. ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, तुम्ही तं हळू बोलतस. त्या दिवशी तुम्हीच सांगतात तं बरं व्हतं."

मी हे मॅडमना सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. त्या भट्टीसमोर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाकावरून गेलं का?" मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि हात धुवायला गेल्या. हात स्वच्छच होते. बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंपळनेरच्या गाडीत बसलो. मी फोनचं सुचवलं होतं, तर म्हणाल्या, "फोनवर माफी मागतात का?" त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. साक्रीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. कंडक्टरच्या तोंडात तंबाखू होता, तरी त्याला काही म्हणाल्या नाहीत. मी चोरून बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते त्या मनात म्हणून बघत होत्या. मी हे रोज करते. त्यांना करताना बघून मला कसंतरीच झालं, कुणाचं तरी उघडं राहिलेलं काही दिसावं तसं.

मुलाच्या घराच्या ओट्यावर त्याचे आजोबा बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मुलाची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. रोशनीची आई आमच्या आधीच येऊन खाली बसलेली. शेजारचे चारपाच जण, बोलावले नव्हते तरी आले. मॅडमनी हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. चूक माझी आहे, पोरीची नाही, तिची आई सांगू नका म्हणत होती, मीच चारचौघांत बोलले. एका दातापायी पोरीला शिक्षा देऊ नका.

आबा ऐकत होते. मग त्यांनी तोंड उघडून बोळकं दाखवलं. "दातनं काय लई बसनात, अक्का? मना एक तरी शे का? ते आमनं म्हननं नही."

"मंग?"

आबांनी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "तिना तोंडमा अंडं भरेल शे. ती मना चुलावर सैपाक करी. घरमा देव शेतस."

मॅडमनी गाडीत म्हणून बघितलेलं सगळं दातांविषयीचं होतं. मग त्या नेहमीसारख्या समजावायला लागल्या. अंडं नाही, वरचं टरफल. तेही भट्टीत जळतं. इतक्या आचेवर त्यातलं खाण्याचं, जिवाचं काही उरतच नाही. उरते ती राख.

"राख?" आबा म्हणाले. "मंग राख म्हना ना. राखनी तं आम्ही दात घासतस."

ओट्यावर हालचाल झाली. कुणीतरी खाली बसलं. शेजारचा एकजण म्हणाला, "गोवरीनी राख व्हई." दुसऱ्याने मान डोलावली. मुलाची आई चौकटीपासून पुढे आली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं होतं. तिलाही हे लग्न मोडायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मघाशी बोलताना ती रोशनीच्या आईकडे एकदाही बघू शकली नव्हती.

"गोवरीनी का, अक्का?" आबांनी विचारलं. दरडावून नाही. सरकून कुणाला बसायला जागा करून द्यावी तसं.

मॅडमनी तोंड उघडलं. त्यांना 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. खाली बसलेल्या रोशनीच्या आईने त्यांच्याकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"राख ती राख, आबा," मॅडम म्हणाल्या. हळू म्हणाल्या.

आबांनी पुन्हा विचारलं नाही. आतून चहा आला. आबांनी रोशनीच्या आईच्या हातावर गूळ ठेवला, मग आमच्याही. आखाजीनंतरचंच ठेवू, म्हणाले.

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी बसल्या. साक्री गेल्यावर म्हणाल्या, "खोटं नाही बोलले मी."

मी आबांनी दिलेला गूळ रुमालात बांधून ठेवला.

बऱ्याच वेळाने त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मी वाकून कान त्यांच्याजवळ नेला तेव्हा कळलं, त्या विचारत होत्या, "बोलले का?"

मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत होतं.

लग्नाला आम्ही गेलो. रोशनी दात दाखवून हसत होती, हाड भरून यायचं होतं म्हणून तो अजून काढघालीचाच होता तरी. हळद लागलेल्या हाताने तिने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "ताई, यांना सगळं माहितीय. मी पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं. हे तर कंपनीबाहेर रोज ऑम्लेट खातात." आणि डोळ्याने खूण केली, आबांकडे, त्यांच्यासमोर बोलायचं नाही अशी. मी जेवणाच्या पंगतीत हे मॅडमना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या पत्रावळीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कुणी बोलायचं नाही."

त्या उन्हाळ्यात आमचा बाक भरायला लागला. साक्रीकडून, पिंपळनेरकडून, थेट डोंगरालगतच्या पाड्यांवरून लोक यायचे. त्यांत माळकरी म्हातारे पुष्कळ. येऊन विचारायचे, गोवरीची राख भरणाऱ्या अक्का त्या ह्याच का? एकाने आपल्या गाईच्या गोवऱ्या पोत्यात भरून आणल्या होत्या, देशी गाईच्या, म्हणून.

मॅडम प्रत्येकाला सांगायच्या. गोवरी नाही, अंडं. पण ते सांगणं पूर्वीचं राहिलं नव्हतं. दारात उभ्या राहायच्या, नजर बाकावरून एकदा फिरवायच्या. रोशनीच्या सासरच्यांना ओळखणारं कोण बसलंय, कोण इथून उठून आबांच्या ओट्यावर जाऊन सांगेल, हे त्या शोधत असायच्या. रोशनी आता त्या घरात स्वयंपाक करत होती. 'अंडं' या शब्दाशी मॅडमचा आवाज खाली जायचा आणि मान किंचित वळायची. लोक समजूतदारपणे माना डोलवायचे. "व्हय, व्हय अक्का. तुमले लिहनं पडस, सरकारी काम शे." एकही उठून जात नसे.

पाहणीला दिल्लीचे आणि पुण्याचे तज्ज्ञ आले. शाकाहारी समाजातही या पदार्थाला इतकी मान्यता मिळाली, याचं त्यांनी फार कौतुक केलं. हे कसं साधलं, असं एकाने इंग्रजीत विचारलं. मॅडमचं इंग्रजी चांगलं होतं. तरी त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "थ्रू पेशंट कौन्सेलिंग, सर." माझा आवाज स्वच्छ आला, मागच्या रांगेपर्यंत. मुदतवाढ मिळाली. माझी नोकरीही वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम टरफलं आणायला गेल्या नाहीत.

मी धुळे सोडलं त्याच्या थोडं आधीची गोष्ट. पिंपळनेरकडच्याच एक आजी आल्या होत्या, एकट्या, खालची दाढ काढलेल्या. बाकावर त्या दिवशी रुग्ण कमी होते. मॅडमनी त्यांना आत घेतलं, दार लोटून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. मग मला म्हणाल्या, "एक टरफल आण." मी गच्चीवरून आणलं. मॅडमनी ते आजींच्या तळहातावर ठेवलं. "हाई. हाई भरनार शे मी. गोवरी नही. कळनं का, माय?"

आजींनी टरफल उलटसुलट करून पाहिलं. मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते अलगद टेबलावर ठेवलं, फुटू नये असं, आणि मॅडमचा हात थोपटला.

"कळनं," त्या म्हणाल्या. "भर तू."

मॅडम म्हणाल्या, आधी एक्स-रे फोटो काढून आणा दाढेच्या जागेचा. तो काढून झालेला होता, आजींच्या पिशवीत होता. तरी आजी उठल्या, हळूहळू दार उघडून बाहेर गेल्या आणि दम खायला बाकावर टेकल्या. दार उघडंच राहिलं. मॅडम स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. बाहेर शेजारच्या बाईने विचारलं असावं, काय म्हणत होत्या आत. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या मोठ्यांदा बोलायच्या.

"काही नही व माय, घाबरू नको. बाई भली शे. तिले लबाड बोलता येत नही. अंडं म्हनस तवय तोंड उतरी जास तिनं."